अर्धं खुरपलेलं रान

आमच्याकडे माणसाची पारख त्याच्या रानावरून होते. सासवडच्या बाजाराला निघालेला गडी बांधापाशी मोटारसायकल हळू करतो, मान न वळवता नुसते डोळे फिरवतो आणि पुढच्या टपरीवर चहा पिता पिता निकाल देऊन मोकळा होतो. "रान आरशागत ठेवलंय" हे प्रशस्तिपत्रक. "गवत लई माजलंय" हा ठपका. तिसरा शेरा नाही. आळस, कर्ज, भावाभावांतली कुरबूर, शहरात जाऊन बसलेली मुलं, या सगळ्याचा पुरावा म्हणून गवत पुरतं. 'तण खाई धन' ही म्हण इथे शाळकरी पोरालाही पाठ असते, आणि ती खोटी नाही.

तरी या आरशाकडे मी जरा संशयाने बघते. आमचा भाजीपाला सेंद्रिय. तणनाशक बाद, युरिया बाद. मग राहतं काय, तर खुरपं, कोळपं, माणसांचे हात आणि आभाळाचा अंदाज. यांतलं लोखंड जितक्या वेळा मातीत फिरतं, तितक्या वेळा मातीतलं काहीतरी उडून जातं. मुरलेला पाला, जुनी मुळं, कुजलेलं शेण, ज्याला माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' म्हणतात, ते उघडं पडतं, त्याला हवा लागते, जिवाणूंची चंगळ होते आणि त्याचा वायू होऊन जातो. जिवाणूंची भूक उन्हाबरोबर वाढते. तापमान दहा अंशांनी चढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. थंड मुलखातल्या शेतकऱ्याची पुंजी जमिनीत निवांत पडून राहते, आमची चैत्र-वैशाखात उधळली जाते. तण काढावं तर कर्ब जातो, ठेवावं तर पीक जातं. सेंद्रिय भाजीवाल्याच्या बहुतेक भांडणांचं मूळ इथे आहे, आणि ती भांडणं त्याची स्वतःशीच असतात.

कर्बाचे आकडे दिसायला फार किरकोळ. ०.४ टक्क्यांच्या खाली 'कमी', ०.६ ओलांडलं की शाबासकी. दशांश चिन्हापलीकडचा एक अंक वर सरकवणं म्हणजे काय, हे एकदा कागद घेऊन मांडून बघावं. एकरभर रानाच्या वरच्या अर्ध्या फुटातल्या मातीचं वजन सुमारे नऊ लाख किलो भरतं. त्यात ०.१ टक्का वाढवायचा तर नऊशे किलो कर्ब टिकायला हवा. वाळल्या काडीकचऱ्यात निम्म्याहून थोडा कमी कर्ब असतो आणि मातीत घातलेल्यातला पाचवा हिस्सा वर्षाअखेर उरला तरी नशीब म्हणायचं. म्हणजे तो एक अंक हलवायला एकरी दहा टन कोरडा पालापाचोळा लागला. आणि भाड्याने आणलेला रोटाव्हेटर दीड-दोन तासांत रान भुसभुशीत करून देतो, बघणारे खूश होतात, आणि त्या भुसभुशीतपणात काय खर्ची पडलं हे कुठल्याच पावतीवर लिहिलेलं नसतं.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात डोंगरावरच्या पानाफुलांचं, मेलेल्या किड्या-जनावरांचं कुजलेलं सत्त्व वळवाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत वाया जातं, ते ताली-बंधारे घालून शेतात अडवावं, असं त्यांनी सरकारला सुनावलंय. कर्बाची टक्केवारी मोजणारे कागद तेव्हा गावोगाव नव्हते. त्यांच्या घराण्याचं नातं आमच्याच पुरंदर तालुक्यातल्या खानवडीशी. तिथलं पाऊसमान आणि तिथल्या उतारांवरून वाहून जाणारी माती बघितली की वाटतं, हा माणूस पुस्तकातून बोलत नव्हता.

आता तण कधी काढायचं याकडे, म्हणजे वाफशाकडे येते: मातीतली ओल कामाजोगी होण्याची वेळ. वाफसा कळायला जन्म जावा लागतो असं म्हातारी माणसं म्हणतात. तसं काही नाही, सांगता येतो. पाणी दिल्यावर किंवा पाऊस उघडल्यावर मूठभर माती उचलायची आणि दाबायची. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर वाफसा आला. बोटाला चिकटली तर थांबायचं. गोळाच झाला नाही तर वेळ गेली. वाफशात घोळ, तांदुळजा, केना मुळासकट हातात येतात. मुळाशी जेमतेम माती असते, एक झटका दिला की परत सरीत. त्याआधी रानात पाय घातला तर काळ्या मातीत टाचेचा ठसा उठतो, वाळून घट्ट होतो आणि पुढचं पाणी तिथे मुरायला नकार देतं. उशीर झाला तर तण मानेशी तुटतं, मूळ खाली तसंच, आणि आठवड्याने त्याच जागी एकाचे चार फुटवे. थंडीत वाफसा दोन-चार दिवस वाट बघतो. उन्हाळ्यात, हलक्या रानात, सकाळी आलेला वाफसा दुपारी निघून जातो. आणि खुरपणीची टोळी मिळणार असते परवा.

टोळी म्हणजे सात-आठ बायका, एक टेम्पो किंवा रिक्षा, डबे, पाण्याच्या बाटल्या आणि गप्पा. प्रत्येकीची पात ठरलेली. एकीची पात मागे राहिली की शेजारची न बोलता तिच्या पातीतलं चार हात खुरपून देते. कुणाच्या गुडघ्याचं काय दुखणं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. दिवसभर उकिडवं बसून पुढे सरकत राहणं हे काम किती जीवघेणं आहे, ते सेंद्रिय शेतीवर भाषणं देणारांपैकी फारच थोड्यांनी करून बघितलंय. 'रसायनमुक्त' हा शब्द भाजीच्या पिशवीवर छापायला सोपा, पण त्याचा बराचसा भार या बायकांच्या गुडघ्यांवर असतो. भाव ठरवताना गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगितली की ते मान डोलावतं आणि जुडीमागे पाच रुपये कमी करा म्हणतं.

टोळीतल्या थोरल्या मावशींचं खुरपं मी हातात घेऊन बघितलंय. पातं झिजून मुळातल्याच्या निम्मं उरलंय. मूठ बाभळीची, अंगठा टेकतो तिथे खळगा पडलेला. लोहाराकडून शेवटून आणलं की पहिले दोन दिवस ते त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत. त्यांचा डावा हात तणाचा शेंडा धरून किंचित तिरका ओढतो, त्याच क्षणी उजव्या हातातलं पातं जमिनीला जवळजवळ आडवं होऊन अर्ध्या बोटाच्या खोलीवरून सरकतं. एक बारीक 'खर्र' आवाज. रोप हललेलं नसतं, शेजारच्या कांद्याच्या मुळाला धक्का नसतो आणि मुख्य म्हणजे माती उलटलेली नसते, फक्त कापलेली असते. नवख्या पोरी खुरप्याचं टोक खुपसून ढेकूळ उकरतात. मावशी ओरडतात, "आगं, त्याला कापायचंय, खड्डा नाय घ्यायचा!"

न उकरण्यामागे फार मोठं शास्त्र आहे, आणि त्याचा एक धागा थेट अमेरिकेतल्या मिशिगनला जातो. तिथल्या कृषी महाविद्यालयात विल्यम जेम्स बील नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तणाचं बी जमिनीत किती वर्षं जिवंत राहतं हे बघायला त्यांनी १८७९ मध्ये वीस बाटल्यांत वाळूबरोबर तणांच्या बिया भरल्या आणि बाटल्या तोंडं खाली करून पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची. बील गेले, त्यांच्या मागचे गेले, प्रयोग चालूच आहे. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया १४२ वर्षांनंतरही उगवल्या. पुढची बाटली २०४० मध्ये निघणार आहे. मला यात सगळ्यात आवडलं ते हे, की ती मंडळी बाटली रात्री, काळोखात उकरायला जातात. कारण पुष्कळ तणांच्या बारीक बियांना उगवायची खूण म्हणून उजेडाची एक तिरीप पुरते. नांगर फिरतो, माती उलटते, वर्षानुवर्षं अंधारात पडलेलं बी क्षणभर वर येऊन ऊन बघतं आणि पुन्हा गाडलं जातं; तेवढ्यात त्याला कळायचं ते कळलेलं असतं. जर्मनीत तर रात्री नांगरून तण कमी होतं का, याचे प्रयोगही झालेत. आमच्याकडे शेतीची वीज रात्रीच यायची सवय असल्याने रात्रपाळीचं आम्हाला नवल नाही, पण नांगरट कुणी अजून काळोखात केलेली नाही.

म्हणून गाजर, कोथिंबीर, बीट असल्या सावकाश उगवणाऱ्या पिकांचा वाफा आम्ही आधी रिकामाच भिजवतो. बी न पेरता. आठ-दहा दिवसांत हिरवी लव येते. वरच्या थरातल्या बियांनी उतावीळपणा केलेला असतो. मग कोळप्याने किंवा खुरप्याच्या पात्याने ती वरच्या वर खरवडायची, कोवळ्या दोन पानांची असतानाच, आणि त्यानंतर माती अजिबात न हलवता गाजर पेरायचं. बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो: पाणी दिलं, गवत पिकवलं, मारलं. पण गाजराला उगवून वर यायला दोन आठवडे लागू शकतात आणि तांदुळजा चौथ्या दिवशी हजर असतो. मेथीला हे लाड लागत नाहीत. ती महिन्याभरात काढूनही होते.

लव्हाळ्यापुढे मात्र यातलं काहीच चालत नाही. १९७७ मध्ये निघालेल्या जगातल्या सर्वांत वाईट तणांच्या एका प्रसिद्ध ग्रंथात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा आणि दुसरा हराळीचा आहे. आमच्या रानात दोघंही सुखाने नांदतात. हराळीचं एक बरं, भाद्रपदात पुण्याचे पाहुणे दूर्वा मागतात तेव्हा मी म्हणते, एकवीस कशाला, पोतंभर न्या. लव्हाळ्याला असा कुणी वाली नाही. देठ बोटांत धरून फिरवला तर तीन कडा लागतात. उपटला की वरचा भाग हातात येतो, खाली काळसर गाठ राहते. ती उकरली तर तिच्यापासून एक तंतू निघालेला, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, तिथून तिसरी. नखाने खरवडली की आत पांढरी आणि ओळखीचा सुगंध: हीच आयुर्वेदातली मुस्ता, उटण्यातल्या नागरमोथ्याच्या घरातली. माळ तुटली की आतापर्यंत झोपलेल्या गाठी जाग्या होतात, त्यामुळे रोटाव्हेटर फिरवलेल्या रानात लव्हाळा दुप्पट येतो. मल्चिंग पेपर अंथरला तर त्याची सुईसारखी टोकं कागद फोडून वर येतात. हा कागद सेंद्रिय प्रमाणीकरणात चालतो, पीक निघाल्यावर रानातून गोळा करायचा, तिथे जाळायचा नाही, या अटीवर. पण लव्हाळ्याने चाळण केलेला कागद गोळा करणं म्हणजे चिंध्या वेचणं. तुकोबांचं लव्हाळं पुरात नम्रपणामुळे वाचतं. आमच्याकडचं कशानेही वाचतं आणि त्यात नम्रपणा औषधालाही नाही.

त्याची दोनच दुखणी. एक ऊन, दुसरं सावली. वैशाखात खोल नांगरून गाठी उघड्या टाकल्या तर उन्हाने सुकून मरतात, म्हणजे जे लोखंड मी वर नाकारत होते तेच इथे मागावं लागतं. मी मागते. लव्हाळ्याचा तुकडा उन्हाळ्यात नांगरते, बाकीचं रान नांगरत नाही. मग मृगाच्या पावसावर त्याच तुकड्यात दाट ताग. ताग पुरुषभर उंच झाला की खाली काळोख पडतो आणि लव्हाळा पिवळा पडून मुकाट होतो. मरत नाही, पण गाठीत साठवायला त्याला काही मिळत नाही. दीड महिन्याने, फुलं लागायच्या बेताला, ताग गाडायचा. कोवळा असताना तो पंधरवड्यात कुजतो, फुलून निबर झाला की काड्या पुढच्या पिकात पायांना टोचत राहतात.

न नांगरता शेती करणारी मोठी माणसं महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी तण हे धन आहे, ते रानातच कुजू द्या, असं अनेक वर्षं लिहिलं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी 'सगुणा राइस तंत्रा'त भाताची चिखलणी आणि लावणी दोन्ही बंद करून गादीवाफे कायमचे ठेवले. दोघांच्या रानांतला कर्बाचा विचार मला पटतो. पण दोन्ही पद्धतींत तण मारायला तणनाशकाचा आधार आहे, आणि आमची गाडी तिथेच अडते. त्यांनी लोखंड सोडलं आणि रसायन ठेवलं, आम्ही रसायन सोडलं आणि लोखंड ठेवलं. दोघांनी एकमेकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जमिनीच्या बाजूने बघितलं तर कुणाचं पाप कमी, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस भेटला की मी विषय बदलते.

मधला मार्ग म्हणजे माती झाकायची. नीरेच्या बागायतीतून उसाचं पाचट मिळतं, लोक जाळून टाकायच्या आधी उचललं तर. टोमॅटो-वांग्याच्या ओळींत ते चार बोटं जाड पसरलं की खाली उजेड जात नाही, ओल टिकते, गांडुळं वर येतात आणि घोळ-तांदुळज्याचा बंदोबस्त होतो. पातळ पसरलं तर पैसा आणि श्रम दोन्ही वाया, त्यातून तण आणखी जोमाने वर येतं. आणि आच्छादनाखाली वाळवीही येते; ती वाळलेलं खाते तोवर मी तिच्या वाटेला जात नाही.

उपटलेल्या तणाचं काय करायचं, यावर मात्र माझं मत पक्कं आहे. बांधावर फेकून देणं हा करंटेपणा आहे. होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्या कच्च्या मालात तुरकाठ्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा यांच्याबरोबर तण होतंच. शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, राख घालून, खड्डा तीनदा पालटून तीन महिन्यांत खत. १९३१ मध्ये त्यावर पुस्तक निघालं तेव्हा मुखपृष्ठावर हॉवर्डच्या शेजारी दुसरं नाव होतं यशवंत वाड यांचं. जगभरातल्या सेंद्रिय शेतीवाल्यांच्या तोंडी हॉवर्ड असतात, वाडांना आपल्याकडेही कुणी विचारत नाही. ढीग आतून तापतो, पंचावन्न-साठ अंशांपर्यंत गेला की बहुतेक तणांचं बी मरतं. हात घालून बघावा, क्षणभरही ठेववत नाही. कडेचा भाग थंड राहतो, म्हणूनच पालटायचं. उकिरड्यावरचं अर्धवट कुजलेलं शेणखत ट्रॉलीने विकत घ्यायचं आणि वर्षभर त्यातून आलेलं गवत काढत बसायचं, ही आमच्या भागातली सगळ्यात महाग खरेदी.

गाजरगवत फुलायच्या आधी उपटलं तर तेही ढिगात चालतं. फुललेलं नको, एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया. पुण्यात पन्नासच्या दशकात त्याची नोंद झाली आणि तिथून त्याने देश व्यापला. ते खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ च्या सुमारास बंगळुरात सोडला, आता पावसाळ्यात आमच्याही बांधावर दिसतो, पिवळट पाठीवर काळ्या रेघा. खातो मन लावून, पण त्याची पंगत बसेपर्यंत निम्मं गवत फुलून गेलेलं असतं. ते उपटताना हातमोजे घालायला मी टोळीला बजावते, अंगाला खाज सुटते, काहींना दम्यासारखं होतं. मावशी हातमोजे कमरेला खोचून ठेवतात.

दिवाळीच्या आगेमागे कोकणाकडे निघालेले मेंढपाळांचे वाडे या वाटेने जातात. पीक निघालेल्या रानात रात्री मेंढ्या बसवल्या तर उरलंसुरलं तण चरून जातं आणि लेंडी-मूत जागच्या जागी पडतं. लेंडीतून बाभळीचं बीही येतं, त्याला इलाज नाही. भाव ठरवताना घासाघीस होते, शेवटी धान्य आणि रोख यांवर जमतं.

आणि खुरपणी संपताना बायकांच्या ओटीत जे जातं त्याला तण म्हणायचं की भाजी? घोळ निवडून बाजूला, तांदुळज्याचे शेंडे वेगळे, पाथरी कुणीतरी मुद्दाम मागून नेतं, केन्याची भजी होतात. आमच्या लावलेल्या पालकाकडे त्या ढुंकून बघत नाहीत. एकदा मीही घोळीच्या जुड्या शहरात पाठवल्या, पालकाच्या आधी संपल्या.

या सगळ्यातून माझ्या हाती एक वेळापत्रक आलंय, आणि त्यात आरसा कुठेच बसत नाही. कांद्याची पात उभी आणि बारीक, ती सावली पाडत नाही, म्हणून कांद्याला तण अजिबात सोसत नाही. पहिले दीड-दोन महिने तिथे हात आखडता घेऊन भागत नाही. टोमॅटो एकदा तारेवर चढला की खालच्या घोळीने त्याचं काही बिघडत नाही, उलट माती झाकलेली राहते. वांग्यात ओळीपुरतं खुरपायचं, दोन ओळींमधलं गवत विळ्याने वरून कापून तिथेच टाकायचं, मूळ जमिनीत राहू द्यायचं. फुलायच्या आत कापलं म्हणजे झालं. बांधाकडच्या पट्ट्यात एकदांडी, माका, कुर्डू वाढू देते, तिथे मधमाश्या आणि मावा खाणारे ढालकिडे असतात. म्हणजे रान कायम अर्धं खुरपलेलं दिसतं. टपरीवर काय बोलतात ते येतं माझ्या कानांवर.

यंदा परतीचा पाऊस लांबला. कांद्याचा वाफसा सोमवारपर्यंत येईल असं मुठीतली माती सांगतेय, आणि लव्हाळ्याच्या तुकड्यात ताग गाडून झाल्यावरही पुन्हा तीन कडांचे कोंब दिसायला लागलेत. काल मावशींना फोन केला. दोन्ही रानांचं उक्तं काय घ्याल, विचारलं. पलीकडून आधी भाकरी थापल्याचा आवाज आला, मग त्यांचा.

"कांद्याचं उक्तं घेतो, मंगळवारी सकाळी येतो आम्ही. लव्हाळ्याचं उक्तं नाय जमायचं, ताई. ते रोजावर. आन् च्या दोनदा."